नवसाची झाकरी आणि रक्तातला धूर

रस कुठला, चिपाड कुठलं

आमच्या मॉरिशसमधल्या बों अक्योय गावात कुठल्याही दुकानात जाऊन विचारा, धोंडू ड्रायव्हरच्या बोलण्यात रस किती आणि चिपाड किती. दुकानदार नुसता हसेल. उत्तर देणार नाही, कारण त्याला उद्या माझ्याच बसनं पोर्ट लुईला जायचं असतं. म्हणून मीच सांगून टाकतो. या लिखाणात माझ्या पोटाबद्दल, रक्ताबद्दल आणि भीतीबद्दल जे आहे तो निव्वळ रस. बाकी चिपाड. पण तेही फेकू नका, चुलीत छान जळतं.

लिहायला बसलो ते माझ्या बसमधल्या माणसांपायी. अधूनमधून एखादा उतरताना मागं रेंगाळतो, बस रिकामी होऊ देतो आणि कानाशी येऊन विचारतो, "धोंडूदा, तुला पहिल्यांदा कसं कळलं रे?" मी ओळखतो. याच्या पोटात काहीतरी आहे आणि घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. अशा सगळ्यांसाठी, गावच्या बैठकेत, म्हणजे आमच्या संध्याकाळच्या शाळेत, शिकलेल्या माझ्या मोडक्या मराठीत, हे चार शब्द. चार म्हणजे किती, ते माझं तोंड ठरवेल.

बिटावर आळ

कॅरोल वादळानं माझ्या घराचं छप्पर उचललं ते थेट पितों गावाला नेऊन ठेवलं. तिथं ते अजूनही कुणाच्या तरी बकऱ्यांवर आहे. मी शपथेवर ओळखलं, पण बकऱ्यांनी ताबा सोडला नाही. छप्पर गेलं, पण परसातली माती त्या वादळानं अशी काही उलथून टाकली की पुढची दोन-तीन वर्षं तिथं बीट माजलं. एकेक बीट म्हशीच्या डोक्याएवढं. उपटायला दोन गडी लागायचे, आणि खड्ड्यात पडलेल्या दोघांना वर काढायला तिसरा. सकाळी बीट, दुपारी बीट. पाहुण्यांनाही बीट घातलं. पाहुणे यायचे बंद झाले.

त्यामुळं एका सकाळी संडासात लाल दिसलं तेव्हा मी मनात म्हणालो, बीट.

बीट संपलं. लाल संपलं नाही. मग मी मिरचीच्या ठेच्यावर आळ घेतला. मग बसच्या सीटवर घेतला, कारण ती सीट म्हणजे लाकडाच्या फळीवर गादीची नुसती अफवा होती. मूळव्याध असेल म्हणून शेजारणीनं पाला दिला. फ्लाकच्या चिनी दुकानदारानं काळी पूड दिली. एका तमिळ आजीनं ताकात घालून काय दिलं ते तिलाच माहीत, आणि एका मियाँभाईनं मध. त्या दिवसांत माझ्या पोटात अख्खा मॉरिशस एकत्र नांदत होता. लाल मात्र कुणालाच जुमानत नव्हतं.

माझ्या बायकोनं, जनीनं, संडासात बघितलं नाही. तिनं कमरेकडं बघितलं.

"अवो, पट्ट्याला आणखी एक भोक पाडलंत तर तो पट्टा राहायचा नाही, गाळणी होईल. उद्या इस्पितळात."

"उद्या माझी गाडी आहे."

"मग गाडीनंच जाऊ. नाहीतरी ती पोर्ट लुईलाच जाते ना?"

या बाईशी वाद घालून मी आजवर एकदाच जिंकलोय, आणि तेव्हा ती झोपेत होती.

तर पहिला रस हा, की लाल दिसलं आणि बीट खाल्लेलं असलं तर बिटाला दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी बीट निर्दोष सुटलं असं समजा आणि डॉक्टरकडं जा.

लिची

डॉक्टर उंच होते. कुर्पीपचे क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे, विलायतेत शिकून नुकतेच परतलेले. वॉर्डातली माणसं त्यांना लांब डॉक्टर म्हणायची. ते आत आले की पंखा थांबवावा लागायचा, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे त्या वॉर्डात पंखाच नव्हता.

तपासणी कुठून झाली ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की "बोंझूर दोक्तेर" मी त्यांच्याकडं तोंड करून म्हणालो आणि पुढचं सगळं भिंतीकडं तोंड करून. लाज वाटते, हे खरंच. पण ती लाज चहा गार व्हायच्या आत संपते, आणि तिला टाळण्यासाठी मी कित्येक महिने पाला खात बसलो होतो.

मग पांढरं औषध चढवून पोटाचे फोटो काढले. आणि एके दिवशी त्यांनी मला आणि जनीला समोर बसवून इथल्या क्रेओल बोलीत शांतपणे सांगितलं, "मोस्ये धोंडू, मोठ्या आतड्यात गाठ आहे. लक्षण कॅन्सरचं आहे. कापून काढावी लागेल."

मी विचारलं, "डॉक्टर, बीट तर नसेल अडकलेलं?"

कुणीच हसलं नाही. माझ्या आयुष्यात माझ्या विनोदावर कुणीच हसलं नाही असं पहिल्यांदा झालं, आणि तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

बाहेर आलो. लिचीचे दिवस होते. जनीनं फाटकाशी बसलेल्या बाईकडून एक जुडी घेतली आणि आम्ही इस्पितळाच्या बुटक्या भिंतीवर बसलो. ती एकेक लिची सोलायची आणि माझ्या हातावर ठेवायची. तीही बोलली नाही, मीही नाही. मी, जो बों अक्योयपासून पोर्ट लुईपर्यंत श्वास न घेता बोलतो आणि येताना उरलेलं बोलतो! जुडी संपली तेव्हा तिनं चिकट हात पदराला पुसले, जोडले आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "गणपतीबाप्पा, हा माणूस आपल्या पायांनी घरी आला ना, तर घरापासून नदीपर्यंत तुझ्यापुढं झाकरी नाचेल. मध्ये कुठंही टेकायचा नाही."

मी म्हणालो, "नवस तुझा आणि पाय माझे?"

"माझे पाय काय आजारी आहेत? देवानं माझे पाय घेऊन करायचं काय?"

आणि मग ती रडली. आणि मीही. लिचीचा रस आणि नाकाचा रस एक झाला. आजही लिची तोंडात टाकली की मला तीच भिंत आठवते, आणि गंमत अशी की ती आठवण गोड आहे.

सूयाकचा खोटारडा

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर सूयाकचा एक कोळी होता, गास्तों. त्याच्या पोटातही माझ्यासारखीच भानगड. त्यानं पहिल्याच सकाळी सांगितलं की एकदा त्यानं इतका मोठा मासा पकडला होता की होडी माशाच्या आत ठेवून किनाऱ्याला आणावी लागली. मी उठून बसलो. म्हटलं, देवा, आजार दिलास, पण सोबत काय दिलीस!

मग रोजचा क्रम ठरला. सकाळी नर्स तापमान घ्यायची, मग पाव आणि चहा, मग एनिमा (त्याबद्दल मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही), आणि मग गास्तों आणि मी आळीपाळीनं एकेक थाप मारायचो. बाकीच्या खाटा निकाल द्यायच्या. नर्स ओरडायची, "हसू नका, टाके उसवतील!" ज्यांना अजून टाके पडले नव्हते ते त्यांच्याही वाटचं हसून घ्यायचे.

त्याच दिवसांत माझी गाठ त्या एन्झाइमशी पडली, ज्याच्यापायी ही सगळी गोष्ट घडली.

लांब डॉक्टर रोज रक्त घेऊन जायचे. मी म्हणालो, "डॉक्टर, इतकं रक्त तर आमच्या फ्लाकचे डासही घेत नाहीत. करता काय त्याचं?"

त्यांनी खाटेवर बसून समजावलं. शरीर ज्या बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं त्यांच्या आत एन्झाइम नावाचे कामकरी असतात. पेशी फुटली की ते बाहेर सांडतात आणि रक्तात मिसळतात. गाठ वाढत असते तेव्हा खूप पेशी जन्मतात आणि खूप मरतात, म्हणून रक्तात त्यांचा आकडा चढू शकतो. विलायतेत तेव्हा डॉक्टर मंडळी हे आकडे मोजून बघत होती आणि यांनी इथं प्रयोगशाळेच्या मागं लागून ते सुरू केलं होतं.

"तुमचा आकडा चढलेला आहे," ते म्हणाले. "गाठ काढली की उतरायला हवा. नंतर दर थोड्या दिवसांनी बघत राहू. परत चढला, तर मला परत शोधावं लागेल."

"म्हणजे आकडा चढला की गाठ आली?"

"नाही. हा नुसता धूर आहे, मोस्ये धोंडू. ऊसतोडीच्या दिवसांत तुमच्या गावाकडं धूर दिसला तर तुम्ही काय समजता?"

"कारखान्याचं धुराडं असेल. नाहीतर कुणाचा ऊस पेटला असेल. नाहीतर आमच्या घरी मासे तळत असतील."

"तेच. धूर सांगतो की काहीतरी जळतंय. काय ते सांगत नाही. त्यासाठी जाऊन बघावं लागतं."

गास्तों पलीकडून ओरडला, "माझ्या रक्तात धूर नाही, दोक्तेर, नुसती रम आहे!"

ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काढून दोन टोकं जोडली. वीतभर हे डॉक्टरांचं माप. बसमध्ये मी सांगतो की काढलेलं आतडं ताणलं असतं तर पोर्ट लुईहून कुर्पीपला पोचलं असतं आणि वाटेत दोन वळणंही घेतली असती. शुद्धीवर आलो तेव्हा तोंड वाळूसारखं कोरडं होतं. नर्सनं ओल्या कापसानं ओठ पुसले. आयुष्यात मी लग्नांची जेवणं जेवलोय, बारशांची जेवलोय, पण त्या कापसाची चव कशालाच नाही.

आकडा उतरला. पुढच्या वेळी आणखी उतरला. त्यातलं कळो न कळो, बसमध्ये चढणारा प्रत्येक जण तिकिटाआधी विचारायला लागला, "धोंडूदा, आकडा?" मी अंगठा खाली करून दाखवायचो आणि सगळी बस टाळ्या वाजवायची. अंगठा खाली केला म्हणून टाळ्या मिळालेला जगात मी एकटाच असेन.

घरापासून नदीपर्यंत

आणि मग गणपती आले.

आमचे आजे-पणजे कोकणातून आणि घाटावरून इथं ऊस तोडायला आले तेव्हा त्यांनी बरोबर फार काही आणलं नव्हतं. देव आणला, ढोलकी आणली आणि झाकरी आणली. झाकरी म्हणजे गोल करायचा, पायांत घुंगरू बांधायचे, मध्ये गाणारा आणि ढोलकी, आणि बाकीच्यांनी वाकून, बसून, उसळून, फिरून नाचायचं. बघताना वाटतं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी मांड्या सांगतात काय होतं ते.

ढोलकीवर माझा मेव्हणा भिवा. जनीचा धाकटा भाऊ, पितोंचा. त्याच्या हाताखाली लाकडाचं टेबलसुद्धा गाऊ लागतं. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलली, ढोलकीवर थाप पडली आणि मी घुंगरू बांधले. सगळं गाव बघत होतं. कितीतरी महिने बसच्या सीटपलीकडं न हललेला माणूस, पोटावर टाक्यांचा व्रण, आणि मी सुटलो! असा नाचलो की रस्त्याकडेचा ऊस वाकून बघू लागला. कारखान्याचा साहेब धुराड्याखाली येऊन उभा राहिला. एक बैल गाडीसकट दोन गिरक्या घेऊन गेला. (बैलाचं चिपाड आहे. साहेबाचं खरं आहे.)

घर मागं गेलं, दुकानं मागं गेली, कारखान्याचा रस्ता आला. ऊन चढलं. चौकात आंबा आहे, आमच्याकडं तो गणपतीतच मोहोरतो, तिथं कुणीतरी माझ्या हातात लिमोनादची गार बाटली दिली, आणि माझे पाय मला न विचारता दुमडले. बसलो. दोन घोट घेतले. बस्स. परत उठलो आणि नदीपर्यंत नाचत गेलो, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून "मोरया" म्हणालो, आणि मला वाटलं की मी हा सगळा आजार त्या पाण्यात सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी रक्त द्यायची पाळी होती. गेलो आणि दिलं.

चढलेला आकडा

निरोप आला, लगेच या. भिवा आणि मी गेलो.

लांब डॉक्टरांचं तोंड बघितलं आणि माझा अंगठा आपोआप मुठीत गेला. आकडा चढला होता. ऑपरेशनच्या आधीपेक्षाही वर.

त्यांनी एकेक विचारलं. ताप आला? नाही. भूक गेली? नाही. डोळे पिवळे झाले? भिवानं माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं आणि म्हणाला, "लाल आहेत, ते नेहमीचंच."

"अंगमेहनतीचं काम केलंत? ऊस तोडलात? पोती उचललीत?"

"छे हो, डॉक्टर! देवाच्या दिवसांत काम कोण करतं? सुट्टीवर होतो."

हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. भिवानंही मान डोलावली. आमच्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. ऊस तोडणं हे काम. खत टाकणं हे काम. देवापुढं नाचणं ही सेवा. सेवेला कुणी काम म्हणत नाही.

डॉक्टर म्हणाले, "मग मला काळजी वाटते. यकृतात काही गेलं असेल. पोट परत उघडून बघावं लागेल. घरी बोला आणि बायकोला घेऊन या."

मला इथं थाप मारायला आवडलं असतं, की मी छाती पुढं काढून हसलो. पण नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो, दुसरा ड्रायव्हर होता, आणि लोकांनी विचारलं, "आकडा?" मी बाहेर बघत राहिलो. टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच खाली गेले. वाटेत दूरवर धूर दिसत होता. मी सारखा त्याच्याकडं बघत होतो. धुराडं की ऊस? धुराडं की ऊस?

घरी त्याहून वाईट. जनीनं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी तशीच जळू दिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही बसलात ना, आंब्याखाली."

भिवा चिडला. "ताई, नवस तू बोललीस. एवढा कडक कशाला बोललीस? 'मध्ये दोनदा टेकेल' म्हणाली असतीस तर देवाचं काय गेलं असतं?"

"आणि तू ढोलकी थांबवलीस कशाला? ढोलकी चालू असती तर ते बसले नसते!"

"दाजींच्या हातात बाटली दिली ती तुझ्याच नणंदेनं!"

असं ते भांडण आंब्यापासून सुरू होऊन सगळ्या खानदानात फिरून आलं. मी मध्ये म्हणालो, "अरे, मरायचं मला आहे ना? मग भांडू तरी मला द्या!" जनीनं त्या दिवसापासून जेवणात मीठ सोडलं, भिवानं ढोलकी खुंटीला टांगली, आणि मी परसात जाऊन बिटाच्या वाफ्यात उगाच तण उपटत बसलो. पहिल्या वेळी मला मरणाची भीती वाटली होती. या वेळी वेगळीच भीती होती. वाटलं, जे पाण्यात सोडून आलो म्हणत होतो, ते माझ्या पाठोपाठ घरी चालत आलं.

तो बसला

ठरल्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर. त्यांनी ऑपरेशनचं बोलायला सुरुवात केली आणि जनीनं मध्येच हात वर केला. एरवी ती इस्पितळात कुजबुजायची. त्या दिवशी तिचं क्रेओल सगळ्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"दोक्तेर, पोट फाडू नका. हा आजार नाही. देव रागावलाय. हा बसला."

"कोण बसला?"

"हा! आंब्याखाली. बसायचं नव्हतं. लिमोनाद प्यायला बसला."

"काय करताना बसला?"

"नाचताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"विसर्जनाला. नवस होता. घरापासून नदीपर्यंत."

"किती लांब आहे नदी?"

भिवा म्हणाला, "चालत गेलं तर लांब नाही. नाचत गेलं तर फार लांब. सूर्य डोक्यावर यायच्या आत निघालो आणि कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा पोचलो."

"आणि रक्त?"

"दुसऱ्याच सकाळी," मी म्हणालो.

लांब डॉक्टर उठले. उठायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा, पण त्या दिवशी ते एका दमात वर गेले. "मोस्ये धोंडू, मी तुम्हाला विचारलं होतं, मेहनतीचं काम केलंत का!"

"पण हे काम कुठं आहे, डॉक्टर?"

"करून दाखवा."

भिवानं त्यांच्या टेबलावर ताल धरला. मी विजार सावरली, वाकलो, खाली बसून उसळी मारली, आणि मांडीत अशी कळ आली की मी टेबल धरून "आयो!" असा ओरडलो. नर्स धावत आली. बघते तर डॉक्टर गुडघ्यावर बसून माझी मांडी दाबतायत, मी ओरडतोय, मेव्हणा टेबल वाजवतोय आणि बायको हात जोडून उभी. नर्स दार लावून निघून गेली.

"अजून दुखतंय?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आत आलात तेव्हा बदकासारखे चालत होतात. मला वाटलं भीतीनं पाय लटपटतायत." मग ते खुर्चीत बसले आणि सावकाश बोलले. तेच एन्झाइम स्नायूंच्या पेशींतही असतं. महिनोन्महिने बसून राहिलेला माणूस दिवसभर असा नाचला तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि आकडा चढतो. कॅन्सर असो वा नसो.

जनीनं विचारलं, "म्हणजे देव रागावलेला नाही?"

"मादाम, देवाचं मला माहीत नाही. पण मांड्या रागावल्यात हे नक्की."

आम्ही हसायला लागलो. त्यांनी बोट वर केलं. "थांबा. मी अजून तुम्हाला बरं झालात म्हणत नाही. हा धूर कारखान्याचा असेल, शेताचाही असेल. दोन्ही एकदम जळत असतील. आता कारखाना बंद ठेवायचा. गाडी नाही, परस नाही, नाच तर नाहीच नाही. खुर्चीत बसायचं. मग परत रक्त बघू. तेव्हाही धूर असला, तर पोट उघडायचं."

खुर्ची

मी बसलो. असा बसलो की कोंबडीनं मला खांब समजून माझ्या पायाशी अंडं घातलं.

गंमत सोडा. ते दिवस सगळ्यांत कठीण गेले, हे ज्यांना अशी वाट बघावी लागेल त्यांच्यासाठी लिहितो. ऑपरेशनमध्ये काही करायला तरी असतं. इथं काहीच नाही. दुखणं कमी होऊ लागलं तसा मी रोज मांडी दाबून बघायचो आणि अजून थोडी दुखावी असं वाटायचं. दुखतेय तोवर दोष तिचा. दुखायची थांबली आणि आकडा तसाच राहिला तर?

एका रविवारी सूयाकहून दोन बस बदलून गास्तों आला. बारीक झाला होता, पण तोंड तेवढंच. हातात पिशवी, पिशवीत आठपायी मासा. जनीनं तो तिखट रश्श्यात शिजवला आणि गास्तोंनं चुलीशेजारी बसून सांगितलं की हा मासा पकडताना त्यानं सहा पायांनी गास्तोंला धरलं आणि उरलेल्या दोन पायांनी होडी वल्हवून किनाऱ्याला आणली. जनी हसली. कितीतरी दिवसांनी. मग तिनं स्वतःच्या ताटात मीठ वाढून घेतलं. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

जाताना गास्तों म्हणाला, "बोलोम, म्हाताऱ्या, घाबरतोस?"

"हो."

"मीपण," तो म्हणाला. "आता पुढची थाप तू मार."

आणि मी मारली. त्या दिवशीची थाप मी कुठंच लिहिणार नाही. ती गास्तोंची आहे.

आता बसा

रक्त दिलं. परत एकदा त्या खोलीत तिघं बसलो. डॉक्टरांनी काही बोलायच्या आधी हात पुढं केला आणि अंगठा खाली केला.

भिवानं टेबलावर एवढी जोरात थाप मारली की शाईची दौत लवंडली. जनी म्हणाली, "आणि नवस? तो बसला होता ना. तो नवस राहिलाच."

डॉक्टर शाई पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी फेडा. पण मादाम, आधी रक्त, मग देव. हाच क्रम."

तेव्हापासून आमच्या घरी हाच क्रम आहे. गणपतीच्या आधी रक्त देतो, अंगठा खाली होतो, मग घुंगरू बांधतो. तुमच्यापैकी कुणाच्या अशा तपासण्या चालू असतील तर हा शेवटचा रस लक्षात ठेवा. डॉक्टरनं "काम केलंत का" असं विचारलं तर नाच, नवस, लग्नातली धावपळ, सगळं सांगा. काम काय आणि सेवा काय ते रक्ताला कळत नाही.

पुढच्या वर्षीच्या विसर्जनाला लांब डॉक्टर स्वतः आले. गाडी दुकानाजवळ उभी करून टोपी घालून बाजूनं चालत होते. कारखान्याच्या रस्त्यावर भिवानं त्यांना गोलात ओढलं. त्यांनी दोन पावलं टाकली, तिसऱ्याला उसळी मारायचा प्रयत्न केला आणि गुडघा धरून बाहेर आले. "उद्या माझं रक्त कुणी घेऊ नका," एवढंच म्हणाले.

आंबा आला. माझे पाय त्याला ओळखत होते, लगेच मऊ पडू लागले. पण आंब्याखाली जनी उभी होती. बुंध्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, जणू ते झाडच पळून जाणार होतं. काखेत लिमोनादची बाटली. मी तिच्यासमोरून नाचत गेलो. ती माझ्या बाजूनं चालू लागली, बाटली पदराखाली झाकून थेट नदीपर्यंत.

मूर्ती पाण्यात गेली. ढोलकी थांबली. पलीकडच्या उसावर धूर दिसत होता. तो धुराड्याचाच होता, मी नीट बघून घेतलं. जनीनं काठावरचा एक सपाट दगड पदरानं झटकला, बाटलीचं बूच काढलं आणि ती माझ्या हातात दिली.

"आता बसा," ती म्हणाली.